होस्टवर ‘पाठवलं’, प्रिंटरवर कागद नाही: प्रिंट सर्व्हरची नेहमीची तक्रार

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची तक्रार यात बसते का ते कळेल.

वीज जाऊन आली की प्रिंट बंद होते. प्रिंट सर्व्हरचा, म्हणजे नेटवर्क आणि प्रिंटर यांच्यामधल्या डब्याचा, ॲडॅप्टर काढून लावला की सुरू होते, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. होस्टवर (जिथून प्रिंट निघते त्या दूरच्या मुख्य मशीनवर) फाईल ‘एसएनडी’, म्हणजे ‘पाठवतोय’, अशी तासभर अडकलेली दिसते. नाहीतर रांगेतून गेलेली दिसते, पण इकडे कागद हललेलाही नसतो. चलान अर्धं छापून थांबतं आणि थोड्या वेळाने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होतं. संध्याकाळच्या गर्दीत दहा-अकरा चलानं धडाधड निघतात, मग काही मिनिटं सामसूम, मग पुन्हा धडाधड. लहान चलान निघतं, मोठा रिपोर्ट मधेच अडकतो. मजकूर जिन्यासारखा उजवीकडे उतरत जातो. पानभर @ हे चिन्ह येतं. मे महिन्यात सकाळी सगळं चालू, दुपारी बंद, रात्री पुन्हा चालू.

ही सगळी दुखणी एकाच जोडणीची आहेत. होस्ट, म्हणजे मेनफ्रेम किंवा एएस/400 (आता त्याला आयबीएम आय म्हणतात), मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये. प्रिंटर जळगाव, चाळीसगाव, शिरपूर, नरडाण्याच्या कारखान्यातल्या डिस्पॅच केबिनमध्ये. मधे तळहाताएवढा प्रिंट सर्व्हर: एका बाजूला नेटवर्कची केबल, दुसऱ्या बाजूला प्रिंटरचा 36 पिनांचा सेंट्रोनिक्स कनेक्टर. पूर्वी होस्टचे प्रिंटर कोॲक्स किंवा ट्विनॅक्स या खास केबलने कंट्रोलरला जोडलेले असत आणि होस्टच्याच संकेतात बोलत. ऑफिसातल्या साध्या डॉट मॅट्रिक्सला ना तो संकेत कळतो, ना त्याला नेटवर्क असतं. होस्टने मजकूर साध्या संकेतात बदलून द्यायचा आणि या डब्याने तो नेटवर्कवरून घेऊन प्रिंटरला पोचवायचा, अशी वाटणी झाली. होस्ट बहुतेक वेळा एलपीआर (नेटवर्कवरून छपाई पाठवायची जुनी पद्धत) वापरून पोर्ट 515 वर, म्हणजे डब्याच्या त्या क्रमांकाच्या दारावर, नाहीतर थेट पोर्ट 9100 वर पाठवतो.

गेटवर ट्रक उभा असतो, ई-वे बिल निघालेलं असतं, ड्रायव्हर दारात येऊन उभा राहतो, आणि चलान काही निघत नाही. अशा वेळी सगळ्यांचा पहिला हात होस्टकडे जातो: प्रिंट पुन्हा टाक, पुन्हा टाक. ते करू नका. जोडणी सुरू झाली की त्या सगळ्या प्रती एकामागून एक निघतात, एकाच नंबरची तीन चलानं गेटवर जातात आणि तो घोळ निस्तरण्यात अकाउंट्सवाल्यांचा दिवस जातो. होस्टवरची रांग ‘होल्ड’ करायला सांगा आणि तपासणी कागदाकडून होस्टकडे करत चला. या क्रमात प्रत्येक पायरी मागचा एक तुकडा संशयातून सोडवते. उलट क्रमाने गेलात तर शेवटी काय दुरुस्त झालं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तक्रार पुन्हा येते.

प्रिंटर आणि त्याची केबल

प्रिंटर बंद करा, लाईन फीडचं बटण दाबून धरा आणि चालू करा. बहुतेक डॉट मॅट्रिक्सवर सेल्फ टेस्ट निघते. निघाली तर हेड, रिबन आणि कागद ओढणारी यंत्रणा ठीक आहे. केबलबद्दल मात्र यातून काहीच कळत नाही. टेस्टनंतर ‘ऑनलाईन’चा दिवा लागलाय का, ट्रॅक्टर-फ्रिक्शनचा (कागद ओढायची पद्धत निवडणारा) खटका बरोबर जागी आहे का, ते पाहा. जिनिंगच्या हंगामात, दिवाळीनंतर, पेपर सेन्सरच्या पात्यात रुई अडकते आणि कागद असूनही ‘पेपर आऊट’ येतं. मऊ ब्रशने साफ होतं, खर्च शून्य.

सेंट्रोनिक्सच्या दोन्ही बाजूंच्या तारेच्या क्लिपा बसलेल्या हव्यात. एकच बसलेली असली तर कनेक्टर तिरका राहतो आणि छपाईच्या हादऱ्याने एखादी पिन सुटत-लागत राहते. मजकुरात मधेच भलतं अक्षर येतं ते यामुळेही. ही केबल प्रिंटर आणि डबा दोन्ही बंद करूनच काढा-लावा. चालू असताना ओढली तर पोर्ट जळू शकतो, आणि मग शंभर-दोनशेच्या केबलऐवजी प्रिंटरच्या बोर्डाचा खर्च येतो.

आता डब्यावरचं ‘टेस्ट’ बटण. हे बटण या सगळ्या प्रकरणातलं सर्वात उपयोगी आहे आणि सर्वात कमी दाबलं जातं. दाबलं की डबा स्वतःचं कॉन्फिगरेशनचं पान प्रिंटरवर छापतो. पान निघालं म्हणजे डबा, केबल आणि प्रिंटर तिघंही एकमेकांशी बोलतात. दोष नेटवर्कच्या बाजूला किंवा त्याच्याही पलीकडे. नाही निघालं तर होस्टला फोन करण्यात अर्थ नाही, दोष तुमच्या टेबलावरच आहे. ॲडॅप्टर मल्टिमीटरने तपासा, पण डबा जोडलेला असताना. जुना ॲडॅप्टर मोकळा मोजला तर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार पडला की खाली बसतो. दिवे लागतात, डबा मात्र अर्धवट जागा होतो.

निघालेलं पान फेकू नका. पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आयपी पत्ता, म्हणजे बहुतेक वेळचं कारण

त्या पानावर डब्याचा आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायची वाट) आणि पत्ता कुठून मिळाला ते छापलेलं असतं. होस्टवर या प्रिंटरसाठी जो पत्ता नोंदवलेला आहे तोच इथे आहे का, एवढंच पाहायचं. वीज गेल्यानंतरच्या तक्रारींत बहुतेक वेळा तो वेगळा असतो.

का, ते समजून घ्या. वीज आली की डबा काही सेकंदांत उठतो आणि डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागतो. स्विच आणि राऊटर अजून उठत असतात. स्विच उठला तरी त्यावर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये डेटा गोल फिरत राहू नये म्हणूनची व्यवस्था) चालू असेल तर तो पोर्ट 15 सेकंद ऐकण्यात आणि 15 सेकंद शिकण्यात घालवतो, म्हणजे अर्धा मिनिट डब्याचं बोलणं पुढे जातच नाही. डबा वाट पाहून थकतो आणि स्वतःच पत्ता घेतो. 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हेच झालं असं समजा. एचपीच्या जुन्या जेटडायरेक्ट या प्रिंट सर्व्हरवर 192.0.0.192 हा मूळ पत्ता दिसतो. दहा मिनिटांनी ॲडॅप्टर काढून लावला की तोवर सगळं जागं असतं, बरोबर पत्ता मिळतो, प्रिंट सुरू होते, आणि सगळे समजतात डबा ‘हँग’ झाला होता. डबा हँग झालेला नसतो. म्हणून नुसतं बंद-चालू केल्याने ही तक्रार कधीच मिटत नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा. एका कारखान्यात डिस्पॅचचा क्लार्क फोनवर एकच वाक्य सांगायचा, “भाऊ, कागद निंघी नही राहिना.” कारखान्याचं नेटवर्क 10 ने सुरू होणारं, आणि टेस्टच्या पानावर पत्ता 192.168.1 मधला. वजनकाट्याच्या केबिनमध्ये कुणीतरी मोबाईलला वायफाय मिळावं म्हणून घरगुती राऊटर आणून लावला होता, तोही लॅनच्या पोर्टात. आता नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघं झाले. वीज आल्यावर जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता डब्याला मिळायचा. त्यामुळे काही दिवस प्रिंट यायची, काही दिवस नाही, आणि कुणालाच त्यात क्रम सापडत नव्हता. तुमच्याकडेही तक्रार अशी लहरी असेल तर स्विचपासून निघणारी प्रत्येक केबल कुठे जाते ते चालत जाऊन पाहा. यात पैसे लागत नाहीत, फक्त पाय लागतात.

उपाय दोन्हींना एकच: डब्याला कायमचा पत्ता हाताने द्या, आणि तो डीएचसीपी वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा असू द्या. मास्क आणि गेटवेही भरा. गेटवे रिकामा राहिला तर शेजारच्या पीसीवरून सगळं चालतं, मुंबईच्या होस्टला मात्र डब्याचं उत्तर मिळत नाही, आणि लोक लाईनला दोष देत बसतात. पत्ता कागदाच्या पट्टीवर लिहून डब्यावर चिकटवा. स्विच कुणाच्या ताब्यात आहे त्यांना सांगून त्या पोर्टवर पोर्टफास्ट (अर्धा मिनिट थांबणं टाळणारी सेटिंग) लावून घ्या, आणि स्विच व डबा दोन्ही यूपीएसवर घ्या. डॉट मॅट्रिक्स यूपीएसवर नसला तरी चालतं.

पत्ता बरोबर असूनही पिंग (त्या पत्त्याला मारलेल्या हाकेचं उत्तर) कधी येतं, कधी नाही? मग एक सोपी परीक्षा. डब्याची नेटवर्क केबल काढा आणि त्याच पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर तो पत्ता दुसऱ्या कुणाकडेही आहे. लगेच पीसीवर ‘एआरपी -ए’ ही कमांड चालवून त्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) लिहून घ्या. त्याची पहिली सहा अक्षरं उपकरण कोणत्या कंपनीचं ते सांगतात, शोध निम्मा होतो. बायोमेट्रिक हजेरीची मशीन आणि सीसीटीव्हीचे रेकॉर्डर लावणारे लोक मोकळा वाटेल तो पत्ता देऊन निघून जातात, आधी तिकडे पाहा.

पिंग येतंय, तरी कागद नाही

पिंग म्हणजे डबा जिवंत आहे, एवढंच. तो छपाई घेतोय का हे वेगळं. शेजारच्या पीसीवरून टेलनेटने (थेट जोडणी करून मजकूर पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) डब्याच्या पत्त्यावर पोर्ट 9100 उघडा (विंडोजमध्ये टेलनेट क्लायंट आधी सुरू करावा लागतो), एक ओळ टाईप करून एंटर मारा आणि जोडणी बंद करा. डॉट मॅट्रिक्सवर ती ओळ छापून आली पाहिजे. आली, तर गेटवे सोडून इकडचं सगळं निर्दोष आहे. होस्ट एलपीआरने पाठवत असेल तर पोर्ट 515 उघडतो का तेही पाहा.

जोडणी नाकारली गेली तर दुसरं कुणीतरी डबा धरून बसलंय का ते पाहा. हे छोटे डबे एका वेळी एकाच जोडणीचं काम प्रिंटरला देतात. ऑफिसातल्या एखाद्या पीसीवर तोच प्रिंटर थेट पत्त्याने जोडलेला असतो, त्याची एक अडकलेली फाईल डब्याला धरून ठेवते आणि होस्ट दारात उभा राहतो. त्या पीसीवरची रांग रिकामी करा. चलानचा प्रिंटर फक्त होस्टसाठी ठेवा, पत्रं छापायला दुसरा वापरा. माझं मत या बाबतीत पक्कं आहे.

अर्धं छापून पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याचं कारणही इथलंच. कागद संपला की प्रिंटर थांबतो, डबा डेटा घेणं थांबवतो, होस्ट ठरलेला वेळ वाट पाहून जोडणी तोडतो आणि अख्खी फाईल नव्याने पाठवतो. कागद वेळेवर लावला तर हे होत नाही. लावूनही होत असेल तर होस्टवरचा टाईमआऊट वाढवायला सांगा.

दहा-अकरा चलानांनंतरची सामसूम ही बिघाड नाही, एलपीआरचा नियमच तसा आहे. 1990 च्या आरएफसी 1179 या एलपीआरच्या नियमपत्रानुसार पाठवणाऱ्याने 721 ते 731 या 11 पोर्टांमधूनच जोडणी करायची. काम संपल्यावरही प्रत्येक पोर्ट काही काळ अडकून राहतो. प्रत्येक चलान वेगळी फाईल असेल तर अकरा संपतात आणि पुढच्याला थांबावं लागतं. होस्टवर ही अट काढता येत असेल तर काढून घ्या, नाहीतर 9100 वर जा. डबा बदलून काही होणार नाही.

नव्याने जोडलेला किंवा बदललेला डबा असेल तर एलपीआरच्या रांगेचं नाव तपासा. जेटडायरेक्टवर ‘रॉ’ आणि ‘टेक्स्ट’ ही नावं चालतात, दुसऱ्या कंपन्यांची नावं वेगळी. काही डबे नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर वेगळं मानतात, आणि एएस/400 वर नाव अवतरणचिन्हांत दिलं नाही तर ते आपोआप मोठ्या अक्षरांत जातं.

कागद येतो, पण मजकूर बिघडलेला

इथे कागदच दोष वाचून दाखवतो. होस्टचा संकेत एबीसीडिक, प्रिंटरचा आस्की. एबीसीडिकमध्ये रिकामी जागा म्हणजे हेक्स (सोळाच्या पद्धतीतला आकडा) 40, आणि आस्कीत हेक्स 40 म्हणजे @. चलानावर रिकाम्या जागा सर्वात जास्त, म्हणून पान @ ने भरतं. आकड्यांचंही तसंच: एबीसीडिकमधले 1, 2, 3 हे हेक्स एफ1, एफ2, एफ3 आहेत, आणि प्रिंटरच्या नेहमीच्या 437 कोडपेजवर (अक्षरांच्या तक्त्यावर) त्या जागी ±, ≥, ≤ छापले जातात. असं पान दिसलं की होस्टने भाषांतर न करताच फाईल सोडली हे नक्की. एएस/400 वर आऊटपुट रांगेतलं होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म, म्हणजे हे भाषांतर, बंद झालेलं असतं. पानाचा फोटो होस्टवाल्यांना पाठवा आणि हेक्स 40 व एफ1 हे आकडे सांगा, पुढचं त्यांना लगेच कळतं.

जिना उतरणारा मजकूर म्हणजे लाईन फीड (खालच्या ओळीवर जा) आलं, कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जा) आलं नाही. जेटडायरेक्टवर रांगेचं नाव ‘टेक्स्ट’ केलं की डबा ते स्वतः घालतो. किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ऑटो सीआर (कॅरेज रिटर्न आपोआप) चालू करा. दोन्ही एकदम करू नका.

प्रत्येक पानागणिक मजकूर सरकत असेल तर पानाची लांबी जुळत नाही. इंचाला 6 ओळी धरल्या तर 11 इंची कागदाला 66, 12 इंचीला 72 ओळी. स्टेशनरी बदलली की ही तक्रार येते.

खर्चिक आणि अवघड बाजू

लहान फाईल जाते, मोठी अडकते, आणि होस्टकडची वाट व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) आहे, तर पॅकेटच्या आकाराकडे पाहा. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल 1472’ (तुकडे न करता 1472 बाइट पाठवणं) करून होस्टच्या बाजूचा एखादा पत्ता द्या. 1472 अधिक 28 म्हणजे 1500, इथरनेटची मर्यादा. हे अडलं आणि 1372 ने उत्तर आलं तर व्हीपीएनमध्ये जागा कमी पडते. शोध इथवर तुमचा. राऊटरमधला आकडा नेटवर्कवाल्यानेच बदलायचा.

छपाई चालू आहे पण मुंगीच्या गतीने, तर डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं-ऐकणं जमतं की आळीपाळीने, ती सेटिंग) तपासून घ्या. जुने डबे 10 एमबीपीएस हाफ डुप्लेक्स असतात. स्विचचा पोर्ट कुणी फुल डुप्लेक्सवर पक्का केला असेल तर सतत टकरी होतात. दोन्ही बाजू ऑटोवर, किंवा दोन्ही सारख्या पक्क्या. केबल 100 मीटरच्या आत आहे ना आणि उंदरांनी कुरतडलेली नाही ना, तेही.

उन्हाळ्याचं खरं दुखणं पत्र्याच्या केबिनचं आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि या डब्यांची कामाची मर्यादा बहुधा 40 अंश सेल्सिअस लिहिलेली असते. डबा यूपीएसच्या किंवा प्रिंटरच्या डोक्यावरून काढा, भिंतीला खाली, हवा लागेल असा लावा. दुपारची तक्रार तेवढ्याने गेली तर नवा डबा घेऊ नका.

कुठे थांबायचं

डब्यातून किंवा ॲडॅप्टरमधून जळका वास आला, प्रिंटरच्या बॉडीला झिणझिण्या आल्या, किंवा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग खराब असताना बदललेला नवा डबाही जातो. ज्याला मल्टिमीटर सवयीचा नाही त्याने सॉकेटमध्ये मोजमाप करूच नये.

वीज बेभरवशाची असताना फर्मवेअर (डब्याचा आतला प्रोग्रॅम) अपडेट करू नका. मधेच वीज गेली तर डबा परत उठत नाही. ‘कोल्ड रीसेट’ करण्याआधी कॉन्फिगरेशनचं पान छापून ठेवा, रीसेट सगळं पुसतो.

टेलनेटने ओळ छापली जाते आणि होस्टची फाईल येत नाही, तर आता होस्टवाल्यांचं काम. थेट 9100 वर लिहिणारा रायटर (होस्टवरचा छपाई पाठवणारा प्रोग्रॅम) कधी कधी ‘एमएसजीडब्ल्यू’वर, म्हणजे संदेशाच्या उत्तरासाठी, थांबलेला असतो, कागदाचा प्रकार विचारणारा सीपीए3394 हा संदेश उत्तराची वाट पाहत असतो. त्याचं उत्तर ऑपरेटरनेच द्यावं. चुकीच्या अक्षराने रायटर बंद पडतो. होस्टवरून डब्याला पिंग करायलाही त्यांनाच सांगा. तुमच्या पीसीवरून चालतं आणि होस्टवरून नाही, तर डब्याचा गेटवे पुन्हा पाहा; तो बरोबर असेल तर मधल्या फायरवॉलमध्ये 515 किंवा 9100 अडलेला असू शकतो.

फोन करताना हातात हे असू द्या: टेस्टचं पान, बंद पडल्याची वेळ, त्याआधी वीज गेली होती का, पिंग आणि टेलनेटचा निकाल, रांगेचं नाव, शेवटी नीट निघालेल्या चलानाचा नंबर. दुरुस्ती झाल्यावर रांगेतल्या दुबार फाईल्स आधी काढून टाकायला लावा, होल्ड काढून एकच चलान सोडायला सांगा, ते वाचून पाहा, आणि मगच बाकीची येऊ द्या.